शेजारी लावून बघू, मग ठरवू

(प्रभाग संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका कृषी सखीने केलेले भाषण. ज्या ताईंना सभेला येता आले नाही, त्यांच्यासाठी ते जसेच्या तसे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, म्हणून सरळ मुद्द्यालाच येते. आज आपल्या सभेपुढे एक ठराव आहे. येत्या हंगामात सगळ्या ग्रामसंघांनी मिळून लाखोरीचं नवीन, कमी विषाचं बियाणं एकगठ्ठा विकत घ्यायचं, आणि त्यासाठी निधीतून गटांना कर्ज द्यायचं. ठराव चांगल्या मनाने आणलेला आहे. पण मी आज त्याला हात वर करणार नाही. का नाही, ते तुम्ही आधी ऐकून घ्या. मग तुम्हाला पटेल तसं करा.

दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात आम्ही काही जणी प्रशिक्षणाला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बागेत फिरत होतो. काठ्यांवर चढवलेले वेल होते. गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं, आणि वास असा गोड की जवळून हलावंसं वाटेना. आमच्यातली एक ताई वाकून बघते आणि म्हणते, “हे तं आपली लाखोरीच होय वो!” आम्ही तिला हसलो. तेवढ्यात प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, “हसू नका, त्यांनी बरोबर ओळखलं. ह्या फुलाचं नाव स्वीट पी. ही लाखोरीची चुलत बहीण. दोघींचं कूळ एकच, लॅथिरस.”

मग आम्ही नीट बघितलं. फुलाची ठेवण तीच. पानाच्या टोकाला धागा, तो आधाराला धरतो. दांड्याला दोन्ही बाजूंनी पट्टी. शेंगही तशीच. फरक एवढाच की लाखोरी आपण पोटासाठी लावतो आणि तिची ही बहीण लोक फुलासाठी, वासासाठी लावतात. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली. स्वीट पीचे दाणे खायचे नाहीत, ते विषारी असतात. तुमच्या अंगणात कोणी हा वेल लावला तर पोरांना तेवढं सांगून ठेवा.

त्या दिवशी मॅडमनी ह्या फुलाची जी हकीकत सांगितली, तिच्यामुळेच मी आज इथे उभी आहे.

हे फूल मूळचं इटलीजवळच्या सिसिली बेटाकडचं. तिथल्या एका साधूने १६९९ साली त्याचं बी इंग्लंडला पाठवलं. तेव्हा फूल लहान होतं, रंगही एकदोनच, पण वास मोठा. पुढे हेन्री एकफर्ड नावाच्या माळ्याने वर्षानुवर्षं संकर करून, निवड करून त्याची कितीतरी नवी वाणं काढली. लोकांना इतकं वेड लागलं की १९०० साली नुसत्या ह्या एका फुलासाठी इंग्लंडात राष्ट्रीय संस्था निघाली. ती अजून चालू आहे.

आता बघा, नवीन वाणं निघू लागली की काय होतं? जो तो म्हणतो, माझं वाण सगळ्यांत चांगलं. नाव नवं, रंग तोच, किंमत दुप्पट. म्हणून तिथे चाचण्या घेण्याची पद्धत आहे. विस्ली नावाच्या ठिकाणी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची मोठी बाग आहे, तिथे अशा चाचण्या होतात. नवीन वाण एकटं लावत नाहीत. त्याच्याच रंगाचं, त्याच्याच जातीचं जुनं, ओळखीचं वाण शेजारी लावतात. माती तीच, पाणी तेच, पेरणी एकाच दिवशी. मग परीक्षक एकदाच बघून जात नाहीत, हंगामात पुन्हा पुन्हा येतात. दांडा किती लांब, एका दांड्यावर फुलं किती, ती नीट मांडलेली आहेत का, रंग उन्हात टिकतो का, वास आहे का, सगळी झाडं सारखी आहेत का, हे बघून मगच निकाल.

ह्यातलं शेवटचं, सगळी झाडं सारखी आहेत का, हे फार महत्त्वाचं. १९०१ साली सायलस कोल नावाच्या माळ्याने एक वाण लोकांपुढे मांडलं, काउंटेस स्पेन्सर. तोवर कोणी पाहिलं नव्हतं असं फूल. पाकळ्या मोठ्या, कडा लुगड्याच्या निऱ्यांसारख्या लहरी. लोक बघतच राहिले. बियाणं विक्रीला आलं तेव्हा ते हातोहात गेलं. पण लोकांनी पेरलं आणि पहिल्यासारखं फूल सगळ्यांना आलंच नाही. कोणाकडे वेगळा रंग, कोणाकडे साधी पाकळी. वाण अजून स्थिरच झालेलं नव्हतं. त्याच सुमारास अन्विन नावाच्या दुसऱ्या एका शेतकऱ्याकडे ग्लॅडिस अन्विन हे वाण निघालं. त्याच्या पाकळीची लहर कमी होती, फूल लहान होतं. पण आई तशी लेक, बी पेरलं की तेच फूल पुन्हा यायचं. सांगा बरं, पैसे घालायचे तर कोणत्या बियाण्यात घालाल?

तिथे प्रश्न फुलाचा होता. फसलं तर बाग फसली. आपल्याकडे प्रश्न पोटाचा आहे, आणि पायांचा आहे.

लाखोरी आपल्या भागाची जुनी सोबतीण. धान कापणीला दोनतीन आठवडे असताना, बांधीत चिखल ओला असतानाच आपण ती शिंपतो. नांगरट नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. धानाच्या उरल्यासुरल्या ओलीवर ती उगवते आणि फाल्गुनापर्यंत हाताशी येते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, बेसन होतं, कुटार गुरांना होतं. दुष्काळातही ती तग धरते. आणि नेमकं तिथेच घात व्हायचा. इतर काही पिकलं नाही की लोक महिनोन्‌महिने नुसती लाखोरी खायचे.

माझ्या माहेरी एक आजोबा होते, दोन काठ्यांवर चालायचे. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. आम्ही पोरं समजायचो की हे असेच जन्मले. मोठी झाल्यावर आजीने सांगितलं, तरणाबांड गडी होता, गाडीच्या बैलांबरोबर धावायचा. दुष्काळाच्या साली मजुरीसुद्धा लाखोरीतच मिळायची. तीनचार महिने दोन्ही वेळा तीच. एक दिवस उठायला गेले तर पाय आखडलेले. आधी एक काठी आली, मग दोन. त्यावर औषध नव्हतं आणि आजही नाही. डॉक्टर ह्याला लॅथिरिझम म्हणतात. लाखोरीच्या दाण्यात जे विष असतं, ते थोडं थोडं, पण रोज आणि फार दिवस पोटात गेलं की मज्जातंतू निकामी होतात. म्हणूनच १९६१ साली देशात लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली.

आज आपल्या ताटात भात असतो, पोळी असते, तूर असते, मूग असतो. कधीमधी लाखोरीची भाजी किंवा डाळ खाल्ल्याने असं होत नाही. पण ज्या घरी फार ओढगस्त आहे, तिथे आजही ताट एकाच गोष्टीने भरू शकतं. ती घरं आपल्याच गटांत आहेत, हे विसरून चालणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणं काढली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘रतन’ आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाची ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ आहेत. तिकडे छत्तीसगडात लाखोरीला तिवडा म्हणतात. ही वाणं आपल्यासारख्याच धानाच्या मुलखासाठी आहेत. ती आपल्याकडे यायलाच पाहिजेत, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग मी आडवी का येते? कारण मी एकदा चूक केलेली आहे आणि ती दुसरीला महागात पडली.

आमच्या गावात नवीन लाखोरी पहिल्यांदा मी लावली. दोन किलो बी मिळालं होतं. एवढं किमती बी, म्हणून मी ते बोडीच्या पाळीखालच्या बांधीत टाकलं, जिथे ओल सगळ्यांत जास्त टिकते. जुनी लाखोरी नेहमीप्रमाणे वरच्या बांधीत. नवीन गुडघ्याच्या वर वाढली, जुनी पोटरीपर्यंत राहिली. गावभर झालं, नवीन वाण दुप्पट येतं. मीच सांगत फिरले. गटाच्या बैठकीत सांगितलं, इतिवृत्तात लिहवून घेतलं.

पुढच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईने माझ्या शब्दावर कर्ज काढलं आणि वरच्या कोरड्या बांधीत सगळीकडे तेच बी टाकलं. त्या साली हिवाळ्यात पावसाचा थेंब नव्हता. पीक हातभर वाढायच्या आत पिवळं पडलं. तिच्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्यांची जुनी लाखोरी मात्र फुलावर होती. हप्ता भरायच्या दिवशी ती बैठकीला आली, पदराच्या गाठीतून पैसे काढले, मोजून दिले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

चूक वाणाची होती का? नाही. मी वाण बघितलंच नव्हतं, मी बांधी बघितली होती. बोडीखालच्या ओलीला मी नवीन वाणाचं नाव देऊन बसले होते.

त्यानंतर मॅडमची ती फुलांची गोष्ट आठवली. शेजारी लावा. एकाच मातीत लावा. ओळखीचं वाण सोबत लावा. मग आम्ही आठ जणींनी मिळून दोन हंगाम तसं करून बघितलं. कसं केलं ते सांगते. वहीत उतरवून घ्या, घरी जाऊन करता येईल असंच आहे.

पहिलं म्हणजे, काय बघायचं ते पेरणीच्या आधी ठरवा. पीक आल्यावर ठरवलं की आपण आपल्या आवडत्या वाणाला शोभेल तेच बघतो. आम्ही बसून यादी केली. पुरुषांना विचारलं तर ते म्हणाले, दाणे किती, भाव किती. आम्ही त्यात आमचं घातलं. पाला कोवळा राहतो का, भाजीला खुडता येतो का, डाळ जात्यावर सरळ फुटते का की चुरा होतो, शिजायला सरपण किती लागतं, कुटार गुरं खातात का. एकाच वाणात सगळं सापडत नाही. पण आपल्याला काय हवं ते आपल्यालाच माहीत नसेल, तर दुकानदार सांगेल ते आपण घेणार.

दुसरं, बी मोजून घ्या. पेरणीआधी प्रत्येक वाणाचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. आठ दिवसांनी किती उगवले ते मोजा. एकाचे नव्वद आणि दुसऱ्याचे साठ उगवले, तर पिकातला फरक वाणाचा नसून शिळ्या बियाण्याचा असेल.

तिसरं, जागा. एकच बांधी घ्या, तीन गुंठे पुरतात. ओलीकडून कोरडीकडे तिचे चार आडवे पट्टे करा. प्रत्येक पट्ट्यात तीन चौकोन, म्हणजे आपली जुनी लाखोरी एका चौकोनात आणि दोन नवीन वाणं दोन चौकोनांत. कोणतं वाण कुठल्या चौकोनात जाणार हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाका आणि लहान पोराला उचलायला सांगा. प्रत्येक पट्ट्यासाठी नव्याने चिठ्ठ्या. असं केलं की ओल असलेला पट्टा तिघींच्याही वाट्याला येतो, कोरडाही तिघींच्या वाट्याला येतो. माझ्यासारखी चूक मग होतच नाही.

चौकोन ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब ठेवा. मधे दोन हात मोकळी जागा सोडा, नाहीतर शिंपताना बी मिसळतं. उतेऱ्यात एकराला साधारण ३० ते ३२ किलो बी लागतं. त्या हिशेबाने एका चौकोनाला साधारण १४० ग्रॅम. चार चौकोनांचे मिळून एका वाणाचे ६०० ग्रॅम धरा. तिन्ही वाणांचं मिळून दोन किलोही होत नाही. एका गावाची पूर्ण चाचणी एवढ्यात होते. आज ठरावात जे आहे ते पोत्यांत आहे, हे लक्षात घ्या.

चौथं, नाव लपवा. खुंटीवर वाणाचं नाव लिहू नका. अ, ब, क लिहा. कोणतं अक्षर कोणत्या वाणाचं, ते एकीनेच कागदावर लिहावं आणि तो कागद गटाच्या पेटीत कुलूप लावून ठेवावा. कापणी, मोजणी, चाखणी झाल्यावरच पेटी उघडायची.

पाचवं, नोंद. उगवण कधी, पहिलं फूल कधी, मावा पडला का, पानांवर भुरी आली का, शेंगा कधी वाळल्या, गुरं घुसली का. गुरं घुसली तर तेही लिहा, लपवू नका. आमच्याकडे एका पट्ट्यात कोणाच्या तरी शेळ्या शिरल्या. तो पट्टा आम्ही हिशेबातून काढला आणि तसं लिहून ठेवलं. आणि एकच झाड वेगळं दिसलं, फूल वेगळ्या रंगाचं आलं, तर तेही लिहा. काउंटेस स्पेन्सरची आठवण ठेवा. एका वाणाच्या चौकोनात चार तऱ्हेची झाडं दिसली तर ते बियाणं सरमिसळ आहे.

सहावं, कापणी. शेंगा फार वाळल्या की तडकून दाणे मातीत जातात, म्हणून सकाळच्या दवात कापा. चौकोनाच्या कडेची झाडं मोजू नका. त्यांना जागा आणि ऊन जास्त मिळतं, ती खोटं सांगतात. दोरी धरून मधला २ मीटर बाय ५ मीटरचा तुकडाच कापा. दाणे चांगले वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. ह्या तुकड्यात १०० ग्रॅम आले तर एकरी साधारण ४० किलो, हा हिशेब पाठ करून ठेवा.

आणि निकाल असा लावा. एक वाण चारही पट्ट्यांत जुन्याच्या पुढे असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. तीन पट्ट्यांत पुढे असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा बघा. दोनच पट्ट्यांत पुढे असेल तर फरक नाही असं समजा, मग ते वाण कितीही नावाजलेलं असो. आणि एका हंगामावर कधीच ठरवू नका. एक साल धुक्याचं असतं, एक साल अवकाळीचं. निदान दोन वर्षं बघा.

आता चाखण्याची गोष्ट सांगते, त्यात तुम्हाला हसूही येईल. पहिल्या वर्षी आम्ही नावं सांगून डाळ वाढली. गटातल्या सगळ्यांत मोठ्या आजींनी नवीन वाणाचा घास घेतला आणि म्हणाल्या, “पाणचट लागते. आपल्या जुनीची सर नाही.” झालं! एकामागून एक सगळ्या तसंच म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही तीन सारखी भांडी घेतली. डाळ सारखी तोलली, पाणी सारखं, मीठ सारखं, फोडणी नाही. भांड्यावर फक्त अ, ब, क. प्रत्येकीच्या हातात तीन चिंचोके दिले आणि पडद्याआड तीन मडकी ठेवली. बोलायचं नाही, चाखायचं आणि जे आवडेल त्याच्या मडक्यात चिंचोके टाकायचे. हवे तर तिन्ही एकातच टाका. सगळ्या झाल्यावर मडकी उलटी केली, मग पेटी उघडली. आजींनी त्यांचे तिन्ही चिंचोके नवीन वाणाच्या मडक्यात टाकले होते! आजी स्वतःच पोट धरून हसल्या. म्हणाल्या, “माय वं, मी तं नावालेच नाक मुरडत होतो.”

आजी चुकल्या ह्यात नवल नाही. नाव माहीत असलं की जीभही लबाडी करते, डोळाही करतो. माझा डोळा बोडीखाली तेच करत होता.

तुम्ही विचाराल, मग कोणतं वाण जिंकलं? ते मी सांगणार नाही. तुम्ही ते लिहून घ्याल, घरी जाल आणि माझ्या शब्दावर पेराल, पुन्हा तेच होईल. माझी बांधी तुमची बांधी नाही. तुमची भारी असेल, कोणाची मुरमाड असेल. तुमच्या बांधीचं उत्तर तुमच्या बांधीतच आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि ही मनावर घ्या. एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट आपल्याला कळत नाही, ती म्हणजे विष. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. दाणा लहान की मोठा, काळपट की पांढरा, ह्यावरून विषाचा अंदाज लावू नका. ते प्रयोगशाळेतच मोजतात. चारही पट्ट्यांत जिंकलेलं आणि सगळ्या चिंचोक्यांनी निवडलेलं वाणसुद्धा कमी विषाचं आहे, असं आपल्या चाचणीवरून म्हणता येत नाही. जे आपल्याला परखता येतं ते आपण नीट परखू. जे परखता येत नाही त्याचा पुरावा मागू.

पुरावा म्हणजे काय? एक, बियाण्याच्या पिशवीवरचा बिल्ला. प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूत बियाण्याला पांढरा. बिल्ला, पिशवी आणि पावती, तिन्ही हंगाम संपेपर्यंत गटाच्या पेटीत ठेवा. आमच्या गावात एका व्यापाऱ्याने सुट्या पोत्यातली लाखोरी ‘कमी विषाची’ म्हणून विकायला आणली होती. बिल्ला मागितला तर म्हणाला, शब्दावर विश्वास ठेवा. आम्ही ते पोतं परत पाठवलं. दोन, कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात दाण्याचा नमुना तपासायला पाठवता येईल का, हे प्रभाग संघाने पत्र देऊन विचारावं. एकट्या बाईचं पत्र मागे पडतं, संघाचं पडत नाही.

आणि चांगलं बी एकदा आणलं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. लाखोरीच्या फुलावर मधमाश्या येतात. धुऱ्यापलीकडे जुनी जास्त विषाची लाखोरी असेल तर माशी तिकडचा पराग इकडे आणते. दोनचार वर्षं घरचंच बी राखत गेलं तर नाव नवीन वाणाचं आणि गुण जुना, अशी गत होते. शिवाय पिकाला पाण्याचा ताण पडला तर त्याच वाणात विष वाढतं, असंही मॅडमनी सांगितलं. म्हणून बियाण्यासाठी राखायचा तुकडा जुन्या लाखोरीपासून लांब ठेवा आणि काही वर्षांनी मूळ ठिकाणचं बी पुन्हा आणा.

स्वयंपाकात तर कोणतंही वाण असो, जुनी सवय सोडू नका. दाणे गरम पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. शिजवताना पहिलं पाणीही ओतून टाका. विष पाण्यात उतरतं, त्यामुळे बराच भाग निघून जातो. सगळा नाही. म्हणून रोज, दोन्ही वेळा, नुसती लाखोरी कोणाच्याही ताटात येऊ देऊ नका. गटात कोणाच्या घरी तशी वेळ आली आहे असं कळलं, तर तो आपल्या गटाच्या बैठकीचा पहिला विषय असला पाहिजे, बियाण्याच्याही आधी. आणि विकायचा विचार असेल तर विक्रीचे आजचे नियम आधी तालुक्याला जाऊन विचारा, मगच पोतं शिवा.

आता माझं मागणं सांगते. ठराव फेटाळा असं मी म्हणत नाही, त्यात दुरुस्ती करा असं म्हणते. ह्या वर्षी पोती घेऊ नका. प्रत्येक ग्रामसंघाने एक बांधी द्यावी, तीन गुंठे. दोन नवीन वाणांचं बिल्ल्याचं बी संघाने आणावं, गावाला ६०० ग्रॅम एकेकाचं. त्याला फार निधी लागत नाही. त्यातली निदान काही गावं कोरड्या बांधीची असावीत, सगळ्यांनी बोडीखालचीच देऊ नये. गुढीपाडव्याच्या आधी सगळ्या गावांच्या वह्या इथे आणायच्या, पेट्या इथेच सगळ्यांसमोर उघडायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. मग जे वाण ज्या बांधीला चालतं, त्याचं बी हवं तितकं घेऊ, आणि तेव्हा हात वर करणारी पहिली मी असेन.

दोन वर्षं उशीर होईल, हे मला मान्य आहे. काही ताई म्हणतील, एवढा वेळ कशाला, सरकारनेच तपासून दिलेलं वाण आहे. खरं आहे, पण त्यांनी त्यांच्या मातीत तपासलं. आपल्या कर्जाचा हप्ता आपल्या मातीतून निघायचा आहे.

ज्या ताईबद्दल मी मघाशी बोलले, ती आज सभेत आहे. नाव घेत नाही, तिने परवानगी दिली म्हणूनच तिची गोष्ट सांगितली. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या चाचणीसाठी वरची कोरडी बांधी कोणी देईना, तेव्हा ती तिने दिली. मी तिला विचारलं, पुन्हा भरवसा ठेवतेस? ती म्हणाली, “तुह्यावर नाही ठेवत. चिठ्ठीवर ठेवतो.”

मला त्यात अपमान वाटला नाही. तुम्हीही माझ्यावर ठेवू नका. शेजारी लावून बघा, मग ठरवा.